बाळाने साडेआठला झोपायचं की बाबा येईपर्यंत जागायचं?

कासारवडवलीची
लेक साडेनऊ महिन्यांची. माझी २६ आठवड्यांची रजा संपून ऑफिस सुरू झालं, ऐरोलीला. तिला साडेआठला पाळणाघरात सोडायचं म्हणजे पावणेसातला उठवावंच लागतं. नवरा लोअर परळहून निघतो, ठाणे स्टेशनपर्यंत ठीक, पुढे घोडबंदर रोडच्या कृपेने साडेनऊ-पावणेदहा. आला की तिला वर उडवतो, ती खिदळते, घरभर आनंदीआनंद, आणि झोपायला अकरा.

मग मी हिशोब मांडला. अकरा ते पावणेसात, पावणेआठ तास. पाळणाघरात जेमतेम पावणेदोन. म्हणजे साडेनऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ४ ते ११ महिन्यांच्या बाळांसाठी सांगितलेत १२ ते १६ तास, दुपारच्या झोपा धरून. रोज अडीच तास उधार! संध्याकाळी डोळे चोळत किरकिर करायची, आणि आम्ही म्हणत होतो दात येतायत.

आता आठला हॉलमधला टीव्ही बंद, खिमट, कोमट पाण्याने अंग पुसणं, मंद दिवा, दूध, त्याच दोन अंगाया. रोज याच क्रमाने. बाराव्या दिवशी साडेआठला झोपली. रात्री पाचदा उठायची, आता दोनदा. सासूबाई मात्र मालिका बुडते म्हणून घुश्शात आहेत आणि नवरा म्हणतो, 'मी काय पेइंग गेस्ट आहे का?' माझं स्पष्ट मत: मोठ्यांच्या हौसेसाठी बाळाला जागवू नये.

नेरूळचा बाप
ताई, हिशोब बरोबर आहे, पण त्यातून एक माणूस वजा झालाय. मी सीएसएमटीहून हार्बरने येतो, घरात पाऊल टाकायला नऊ वाजतात. आम्हीही साडेआठचा नियम केला होता, तीन आठवडे. सकाळी निघताना पोरगा झोपलेला, रात्री आलो की झोपलेला. चौथ्या रविवारी उचलायला गेलो तर त्याने ओठ काढला आणि आईकडे हात पसरले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी नियम मोडला. आता तो दहाला झोपतो, सकाळी साडेआठला उठतो. तास तेवढेच भरतात. 'हौस' हा शब्द मात्र लागला.

कासारवडवलीची
'हौस' मागे घेते, सॉरी. पण दादा, साडेआठपर्यंत झोपू द्यायला तुमच्याकडे घरी कोणीतरी असणार. सासूबाईंचे गुडघे गेलेत, दिवसभर रांगणारं पोर त्यांच्याच्याने होत नाही. झोपायची वेळ मी ठरवलेली नाही, सकाळच्या पाळणाघराने ठरवली आहे.

नेरूळचा बाप
हो, माझी आई आहे घरी. हा मुद्दा मान्य.

नौपाड्याच्या काकू
अगं, किती ती आकडेमोड! माझी दोन्ही मुलं एका खोलीत, रेडिओच्या आवाजात झोपली. झोळी बांधायची, दोन झोके द्यायचे, आणि फारच चिकटपणा केला तर दुधात जायफळ उगाळून. बाळ काय घड्याळ बघतं?

कळव्याची रात्रपाळी
काकू, मी नर्स आहे म्हणून तोंड घालते. जायफळ नको. प्रमाण चुकलं तर गुंगी येते, आणि सहाणेवरचे दोन वेढे की चार, हे कोण मोजणार? वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको. झोळीत बाळाची मान वाकते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाला अडचण होऊ शकते. रात्रीच्या झोपेला कडक, सपाट गादी, उशी नाही, जाड पांघरूण नाही.

नेरूळच्या दादा, ओठ काढणं मनाला लावून घेऊ नका. आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास बाळं रोजच्या माणसांनाही बिचकतात आणि आई दिसेनाशी झाली की रडतात. रात्री मध्येच उठणं या वयात वाढतं, त्याचंही हे एक कारण.

वाशी सेक्टर नऊ
कोणी रडू देण्याबद्दल का बोलत नाही? आम्ही केलं. पेंगुळलेलं बाळ गादीवर ठेवायचं, बाहेर यायचं, रडलं तर ३ मिनिटांनी जाऊन थोपटायचं, मग ५, मग १०. चौथ्या रात्री रडणं थांबलं. मेलबर्नमध्ये झोपेची तक्रार असलेल्या ७ महिन्यांच्या ३२६ बाळांवर अभ्यास झाला होता. काही आयांना अशा पद्धती शिकवल्या, काहींना नाही. सहाव्या वर्षी मुलं तपासली तर वागणुकीत, आईशी असलेल्या नात्यात फरक नव्हता.

कासारवडवलीची
दहा मिनिटं? आमचा वन बीएचके आहे. तिसऱ्या मिनिटाला सासूबाई दारात आणि पाचव्या मिनिटाला शेजारचे बेल वाजवतात.

नौपाड्याच्या काकू
आणि फरक नव्हता म्हणजे फायदाही नव्हता ना सहाव्या वर्षी? मग रडवायचं कशाला?

वाशी सेक्टर नऊ
काकू, बोललात बरोबर. दूरचा फायदा नाहीच सापडला. पण आम्हाला सहाव्या वर्षाची नाही, मंगळवारची काळजी होती. बायको सलग दोन तास झोपली नव्हती.

नेरूळचा बाप
कासारवडवलीच्या ताई, यजमानांना सकाळ द्या. पावणेसातला तुम्ही उठवता, ते त्यांना उठवू दे. शी-शू, अंघोळ, नाचणीची पेज, सगळं त्यांच्याकडे. माझी सकाळची लोकल सहा चाळीसची, म्हणून मला ते जमत नाही. त्यांना जमत असेल तर मला हेवा वाटेल.

कासारवडवलीची
तो आठला निघतो. सव्वा तास मिळेल. विचारते. (अंघोळ घालायला घाबरतो, म्हणतो साबण लावला की निसटते.)

नौपाड्याच्या काकू
बरं, जायफळ राहिलं, झोळी राहिली. पण मांडीवर झोपलेलं पोर गादीवर ठेवलं की टक्क डोळे उघडतं, त्याचं काय?

कळव्याची रात्रपाळी
मांडीवर पुरती झोपू द्यायची नाही, काकू. बाळ रात्रीतून बरेचदा अर्धवट जागं होतं. मांडीवर झोपलेलं मांडीच शोधतं. पेंगत असतानाच गादीवर ठेवा, हात छातीवर असू द्या, तिथेच अंगाई म्हणा.

नौपाड्याच्या काकू
पेंगत असताना ठेवलं की आमची नात उठून कठड्याला धरून उभी राहते. आणि हसते.

कासारवडवलीची
आमचीही. कालच.