डीडीके त्रिपिंड गणित: बंधनऊर्जा शंभराच्या पलीकडे का जाते?

ताळगावपठार:
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी दोन डी मेसॉन आणि एक केऑन ही प्रणाली (डीडीके) गॉसियन विस्तार पद्धतीने, म्हणजे तरंगफल अनेक गॉसियन फलांची बेरीज म्हणून मांडून, सोडवतोय. डीके विभव (पोटेन्शियल) १ फर्मी पल्ल्याचा गॉसियन. डीएस०(२३१७), म्हणजे डी आणि केऑनची बद्ध अवस्था मानला जाणारा कण, डीके उंबरठ्याच्या (सुट्या डी आणि केऑनच्या ऊर्जेच्या) ४५ एमईव्ही खाली येईल, अशी त्याची खोली बसवली आहे. डीडी विभव सध्या शून्य. प्रकाशित उत्तरं ७० एमईव्हीच्या आसपास आहेत, माझं मात्र शंभराच्या पलीकडे जातं. दर निर्देशांकाला १२ ऐवजी ३० गॉसियन घेतले तर थेट उणे हजारांत. हे सोडून फिक्स्ड सेंटर पद्धत वापरू का? शुक्रवारी सेमिनार आहे.

झुआरीनगर:
हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र तपासू नका.

१२ गॉसियनवर शंभराच्या पलीकडे जाणं हा आयसोस्पिनचा (अप-डाउन क्वार्कांच्या सममितीशी जोडलेल्या क्वांटम संख्येचा) घोळ. दोन्ही डीके जोड्यांना तुम्ही आयसोस्पिन शून्याचा पूर्ण विभव दिलेला दिसतो. तसं केलं तर उत्तर ९० च्या पुढे जाणारच, कोड न चालवताही कळतं: प्रत्येक डीचं स्थान केऑनपासून मोजा आणि दोन डीके तरंगफलांचा गुणाकार चाचणीफल म्हणून घ्या. दोन संवेगांच्या गुणाकाराचं पद सरासरीत शून्य होतं, उरतं उणे २ × ४५.

एकूण आयसोस्पिन १/२ असताना एक जोडी शून्यात बसवली की दुसऱ्या जोडीत शून्याचा वाटा १/४ आणि एकचा ३/४ राहतो. डीडी जोडी आयसोस्पिन १ मध्ये असेल (एस-तरंगेत, म्हणजे कोनीय संवेग शून्य असताना, बोसॉनना तोच चालतो), तर प्रत्येक डीकेमध्ये शून्याचा वाटा ३/४.

चिन्हही बघा. डी-के हा क्रम कायम ठेवून दोन डींची अदलाबदल केली तर गुणांक +१/२ येतो. ६-जे (आयसोस्पिन जोडण्याचा क्रम बदलणारा गुणांक) चक्राकार क्रमाने घातलं तर −१/२ येतो, आणि त्यावर तसाच अधिक करून सममिती लावली तर ऊर्जा उणे ४५ पाशी अडकते, म्हणजे डी आणि डीएस० सुटे.

फोंड्याहून:
उणे हजारांचं कारण ओव्हरलॅप मॅट्रिक्स (बेसिस फलं एकमेकांशी किती जुळतात त्याचा तक्ता). ०.१ ते १० फर्मी भूमितीय श्रेणीत १२ गॉसियन घेतले तर लागोपाठच्या पल्ल्यांचं गुणोत्तर १.५२, ३० घेतले तर १.१७. शेजारची फलं जवळजवळ सारखीच होतात आणि डबल प्रिसिजन पुरत नाही. चलन (व्हेरिएशनल) पद्धतीत बेसिस वाढवून ऊर्जा खाली येते, पण खऱ्या उत्तराच्या खाली कधीच नाही. गेली तर दोष अंकगणितात.

आधी ओव्हरलॅपच्या आयगेनव्हॅल्यू काढा, सर्वांत मोठीच्या १०⁻¹⁰ पटीहून लहान असतील त्या दिशा टाका, मग हॅमिल्टोनियन सोडवा. १२ × १२ चे दोन जॅकोबी संच (तीन कणांच्या सापेक्ष निर्देशांकांच्या दोन मांडण्या: डीके-डी आणि डीडी-के) म्हणजे जेमतेम २८८ फलं, लॅपटॉपवर होतं. मॅट्रिक्स डिस्कवर लिहून ठेवा, पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

ताळगावपठार:
आयसोस्पिन आणि चिन्ह दुरुस्त केलं, आता ७० च्या जवळ येतं. उणे ४५ च्या वर आणखी तीन ऊर्जा दिसतात, त्या उत्तेजित अवस्था का?

झुआरीनगर:
बहुधा नाहीत. कमाल पल्ला १० वरून २० फर्मी करा. उणे ४५ कडे घसरतात त्या डी-डीएस० च्या सातत्याच्या (सुट्या कणांच्या सलग) ऊर्जा, पेटीत पकडल्यासारख्या. खरी बद्ध अवस्था जागची हलत नाही. डी-डीएस० मधलं बंधन २५ धरलं तर तरंगफलाची शेपटी ०.९ फर्मीची, म्हणून इथे १० फर्मी पुरतात. हीच सवय टीसीसी(३८७५) ला, म्हणजे डी-डी* उंबरठ्याला खेटून असलेल्या कणाला, लावू नका: उंबरठ्यापासून सुमारे ०.३६ एमईव्ही अंतर, शेपटी साधारण ७.५ फर्मी, तिथे ५० फर्मीपर्यंत जावं लागतं.

फिक्स्ड सेंटर इथे मला पटत नाही. त्यात दोन कणांचा गठ्ठा आधीच घट्ट आणि तिसऱ्याने न हलणारा धरतात. तुमच्या गणितात डीडी विभव शून्य, दोन्ही डी केऑनमुळेच धरलेले. गठ्ठा कुठून आणणार?

फोंड्याहून:
सेमिनारमध्ये प्रयोगाचं विचारतीलच. आयसोस्पिन १/२ म्हणून या अवस्थेचा भार +१ किंवा +२ असू शकतो. जपानमधल्या बेल प्रयोगाने +२ वालीला डी+ आणि डीएस*+ जोडीत शोधलं, ठळक संकेत मिळाला नाही. हा क्षय तुमच्या गणितात नाही, त्यामुळे रुंदी विचारली तर सरळ सांगा की हे मॉडेल फक्त बंधनऊर्जा देतं. विभवाचा पल्ला ०.५ आणि २ फर्मी घेऊनही चालवा, दर वेळी खोली पुन्हा ४५ वर बसवून. उत्तरातला फरक हीच तुमची अनिश्चितता, तिचा तक्ता स्लाइडवर टाका.