स्पिंडल गेलं की हाउसिंगच बदलायचं? मग लेथ काय पूजेला ठेवलेत?

उद्यमनगरचा लेथवाला:
काल एका गाडीमालकानं लिहिलं की ट्रकच्या मागच्या ॲक्सलचं स्पिंडल, म्हणजे ज्या टोकावर चाकाचा हब बेअरिंगवर फिरतो ते, खराब झालं की हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचं अख्खं बाहेरचं कवच, सरळ नवं टाका, वेल्डिंग करून घेणारे ड्रायव्हरच्या जिवावर उठलेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री नुसते जुगाडू. डोकं तापलं म्हणून लिहितोय.

खराब म्हणजे काय झालं ते आधी सांगा की! हबनट ढिला राहून कोन (बेअरिंगची आतली कडी) स्पिंडलवर फिरला, त्याची बैठक जरा खाल्ली, ते वेगळं. बेअरिंग जाम होऊन कोन चिकटला, स्पिंडल तापून निळं पडलं, ते वेगळं. असल्या निळ्यावर वेल्डिंगचा रॉड भरून टर्निंग मारून मी कधी देत नाही. टोक कापायचं, डिफरन्शियलच्या बेअरिंग बोअरमधनं बार घालायचा, नवं फोर्जिंगचं टोक त्याच सेंटरला धरायचं. टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारून डायल गेज लावून सेंटर बघायचं, मग समोरासमोर थोडं थोडं वेल्डिंग, म्हणजे ओढत नाही. हे जुगाड? मधलं हाउसिंग ठणठणीत असताना भंगारात का घालायचं?

पुढच्या चाकाच्या स्टब ॲक्सलला मात्र मी वेल्डिंग लावत नाही. तिथं नवाच.

घाटमार्गी:
जुगाडू म्हणणारा मीच. तुम्ही बारवर करत असाल, बाकीचे? गॅस कटरनं चिकटलेला कोन कापतात, स्पिंडलवर खाच पडते, तिच्यावरच रॉड फिरवून पॉलिश पेपर मारतात. वर मालकाला, "नव्यासारखं झालं बघा." करूळ घाट उतरताना माझ्या गाडीचं डावं जोडचाक हब-शाफ्टसकट निम्मं बाहेर आलं. तुटलं कुठं? वेल्डिंगच्या कडेला. सगळं वजन स्पिंडलवर, शाफ्ट नुसता चाक फिरवायला. ते मोडल्यावर धरणार काय, तुमचं डायल?

सीझनवाला:
घाटमार्गी, साखर कारखाने चालू असताना हाउसिंग यायची वाट बघत गाडी उभी करून दाखवा. ऊसतोड टोळी फडात बसून, कारखान्याचा फोन वर. आणि टोळी आणणाऱ्या मुकादमाला दिलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे? आमच्याकडं एक मुकादम पैसे घेऊन गेला तो गेलाच. पोलिसात गेलो तर म्हणाले, व्यवहार तुमचा तुम्ही बघा. वाहनमालक कर्ज काढून उचल देतो आणि तोच बुडतो, त्यावर कोण धागा काढत नाही.

फडकरी:
झालं, आला मुकादमावर! एकानं बुडवलं म्हणून सगळे चोर? बीडकडची माणसं पोरंबाळं घेऊन थंडीत पहाटे कोयता चालवतात. तुमची गाडी बंद पडली की त्यांचाही दिवस बुडतो, तो कोण देतं? आणि भरता किती ते बोला. २०१८ साली चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ वरनं ११.५ टन केली, तरी तुम्हाला पुरत नाही. स्पिंडल काय आपोआप वाकतंय?

सीझनवाला:
भाडं टनावर मिळतं साहेब, कमी भरून डिझेल कोण घालणार? २० हजार दंड, वर जादा टनाला २ हजार, तो पण आम्हीच भरायचा. फडात बसून शहाणपणा शिकवू नका.

फडकरी:
फडात बसूनच दिसतंय, ट्रॉलीची मागची चाकं कशी फाकतात ते. उचल बुडाली की बोंब, आणि रस्त्यावर माणूस मेला की गप्प.

ग्रीसगन:
भांडा खुशाल. हब उघडल्यावर जुनं ग्रीस धुऊन टाकणारे किती? नवं सील? नट आवळताना हब फिरवायचा, मग ठरल्याइतका मागं घ्यायचा, लॉक वॉशरची कड नटावर नीट मुडपायची. इथं पाइप लावून अंगाच्या जोरानं आवळतात नाहीतर ढिलाच सोडतात. निम्मी स्पिंडलं तिथंच मरतात.

उद्यमनगरचा लेथवाला:
स्पिंडलवर बोलायचं का आता? घाटमार्गी, तुमच्या गाडीचं काम ज्यानं केलं त्याला मिस्त्री म्हणायला मलाही लाज वाटते. पण त्याच्यापायी अख्ख्या उद्यमनगरला शिव्या का? तडा शोधायचा लाल डाय मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. स्पिंडलच्या खांद्याच्या गोलाईत लाल रेघ, म्हणजे तडा, उमटली की मीच सांगतो, हे टोक गेलं. रेघ हाउसिंगच्या नळीत उतरली असेल तर घ्या नवं, माझी ना नाही.

घाटमार्गी:
म्हणजे शेवटी हाउसिंग बदलायचं हे तुम्हीपण म्हणताय! बरं, दुसऱ्या गाडीच्या उजव्या बाजूचा हब तापतोय, घेऊन येतो. डाय माझ्यासमोर मारायचा. आणि रेघ निघाली तर नुसतं बघायचे पैसे देणार नाही.

उद्यमनगरचा लेथवाला:
डायचा डबा येताना घेऊन या. आणि गाडी रिकामी आणा.