पुराची सूचना वाचून दुकानदाराने नेमके काय करावे?

सराफ बाजारकर
नमस्कार. नाशिकच्या सराफ बाजार आणि भांडी बाजारातील आम्ही काही दुकानदार पावसाळ्यापूर्वी आपसातील संदेशांचा एक ठरावीक मसुदा तयार करत आहोत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की "इतके क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" असा मजकूर गटावर येऊन पडतो. परंतु तो वाचून तळघरातला माल वर काढायचा की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही. मग जो तो गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पाहायला घाटावर जातो आणि मूर्तीच्या कमरेला पाणी लागेपर्यंत स्वस्थ राहतो. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधील पूर अनुभवूनही ही सवय गेलेली नाही. संदेशात आकडा द्यावा की नाही, आणि द्यायचा तर कोणता, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

निवृत्त अभियंता
आकडा अवश्य द्यावा, मात्र तो एकटा देऊ नये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. ही व्याख्या पाठ असली तरी आपल्या उंबऱ्याशी तिचा संबंध लागत नाही. शिवाय धरणाचा आकडा आणि शहरातील होळकर पुलाखालचा आकडा हे दोन वेगळे आहेत. धरणापासून शहरापर्यंत पडणारा पाऊस आणि नदीला मिळणारे नाले यांचे पाणी वाटेत वाढत जाते, त्यामुळे जोराच्या पावसात पुलाखालून जाणारा प्रवाह धरणातल्या विसर्गापेक्षा बराच जास्त असू शकतो. धरणाच्या आकड्यावरून हाती किती वेळ आहे याचा अंदाज येतो; बाजारात पाणी शिरणार का, हे पुलाच्या आकड्यावरून कळते.

मारुतीला मी कमी लेखणार नाही. जागा तीच, खूण तीच आणि लहानथोर सर्वांना ठाऊक, असे मोजमाप कोणत्याही खात्याला हेवा वाटावा असेच आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे शाळकरी मुलालाही सांगता येते, कारण वर्षानुवर्षे तीच भाषा कानावर पडते. फरक असा, की तिथली पंचगंगा नदी सावकाश चढते आणि तिथे पाहून निर्णय घेण्याइतकी सवड असते. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरहून नुकतीच निघालेली आहे; इथे पाणी चढायला वेळ लागत नाही. मारुती पाणी आल्याचे सांगतो, येणार असल्याचे सांगत नाही. म्हणून मागील पुरांत पुलाखाली किती क्युसेक असताना कोणत्या गल्लीत, सरकारवाडा या जुन्या वास्तूच्या कितव्या पायरीला पाणी लागले, याची नोंद जुन्या दुकानदारांना विचारून एकदा करून ठेवा. पुढचे संदेश त्या खुणांच्या भाषेत लिहा.

चांदोरीचा शेतकरी
शहराचा मसुदा करताना खालच्या गावांचाही विचार व्हावा. आमच्याकडे दारणा नदीचे पाणी गोदावरीला मिळते आणि पुढे नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. रामकुंडावरचे पाणी ओसरू लागले की शहरातले संदेश थंडावतात, तेव्हा चांदोरी-सायखेड्यात पाणी चढतच असते. दुसरी गोष्ट, संदेश मिळाला म्हणून कोणी लगेच घर सोडत नाही. माणूस आधी शेजाऱ्याला विचारतो, मग सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना फोन करतो, आणि गोठ्यातली जनावरे कुठे बांधायची हे कळल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. "सुरक्षित स्थळी जावे" या तीन शब्दांत गाईचा विचारच नाही. जागेचे नाव, तिथे चाऱ्याची सोय आहे की नाही, आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ओळखीच्या आवाजात दिलेली हाक यांचा उपयोग मोबाइलवरच्या संदेशाहून जास्त होतो.

पंचवटीतील शिक्षिका
हवामान विभागाचा नारंगी इशारा म्हणजे चोवीस तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर पावसाची शक्यता. तो पावसाचा असतो, पुराचा नव्हे, आणि तो सहसा संपूर्ण जिल्ह्यासाठी दिला जातो. इगतपुरीच्या घाटात कोसळणारा पाऊस आणि येवल्यातली कोरडी दुपार एकाच रंगात येतात. मग "इशारा खोटा निघाला" अशी चर्चा होते आणि पुढच्या इशाऱ्याची किंमत कमी होते. पूररेषेचेही तसेच आहे. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगितले की लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात दरवर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात सुमारे 26 टक्के, चारात एक. दुसऱ्या रीतीने सांगितले तर घर घेणारा नक्की थबकेल.

आणखी एक आठवण: 2027 चा सिंहस्थ ऐन पावसाळ्यात आहे. घाटावरच्या परगावच्या भाविकाला मारुतीची खूण ठाऊक नसेल आणि मराठीही येत नसेल. त्याच्यासाठी हिंदीतील घोषणा आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर ठळक बाण हवेत.

सराफ बाजारकर
सर्वांचे आभार. नमुना असा केला आहे, वेळा केवळ उदाहरणादाखल आहेत: "गंगापूर धरणाचा विसर्ग दुपारी 2 वाजता वाढणार आहे. सायंकाळी भांडी बाजारात पाणी येऊ शकते. तळघरातील माल 3 वाजेपर्यंत वर न्यावा, घाटावरील वाहने आत्ताच काढावीत. पुढील सूचना 4 वाजता, पाणी वाढले नाही तरीही." चूक असल्यास सांगावे.

निवृत्त अभियंता
शेवटचे वाक्य फार चांगले आहे. विसर्गाची माहिती कोणाकडून आणि किती वाजता मिळाली, तेवढे जोडा. जुना संदेश कोणी पुन्हा पुढे पाठवला तर फसगत होणार नाही. आणि हा मजकूर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला एकदा दाखवून घ्या, म्हणजे तुमची सूचना आणि सरकारी सूचना एकमेकींच्या विरुद्ध जाणार नाहीत.