सध्या कोणता अल्बम ऐकताय? (सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत)

जवारी

गेले तीन आठवडे रात्री मागचं सगळं आवरलं की एकच एलपी (दोन बाजूंची मोठी रेकॉर्ड) लावतोय. किशोरीताई आमोणकरांची, एका बाजूला भूप राग आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपातलं 'प्रथम सूर साधे' सुरू होतं तेव्हा घरात कोणी ना कोणी बोलत असतं. 'सहेला रे'पर्यंत सगळे गप्प झालेले असतात, कोणाला सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? बाजू बदलण्याचा वेळ. भूप संपतो, सुई शेवटच्या रिंगणात खरखरत राहते, मी उठतो, रेकॉर्ड उलटतो, फडक्यानं हलकेच पुसतो. तेवढा वेळ भूपाचे पाच सूर कानात भरलेले असतात. मध्यम नाही, निषाद नाही. आणि मग बागेश्रीत कोमल गंधारावरून मध्यमावर येऊन ताई थांबतात, तेव्हा इतका वेळ बंद असलेलं दार कोणीतरी उघडल्यासारखं वाटतं. नुसती बागेश्री लावून मला हे कधीच मिळालं नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की अल्बम ही एक अखंड कृती असते. त्यातलं एक गाणं उचलून चाळीस दुसऱ्या गाण्यांत टाकलं की आपण ते गाणं ऐकतो, अल्बम ऐकत नाही. तर सांगा, तुम्ही सध्या सलग काय ऐकताय?

खासगी मैफल

ताईंबद्दल दुमत नाही, पण बाकीचं अजिबात पटलं नाही. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. ही मर्यादा रागाची नाही, प्लास्टिकच्या चकतीची आहे. ताईंच्या जयपूर घराण्याचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल वीस मिनिटांत बसवायचा म्हणजे काय काय गाळावं लागतं, ते मैफलीत बसलेल्या माणसाला विचारा.

मी सध्या वडिलांच्या कॅसेट ऐकतोय. नव्वद मिनिटांच्या, मैफलीत पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेल्या. एकीवर गवई मल्लिकार्जुन मन्सूर, म्हणजे आपले अण्णा, आहेत. पंचेचाळीस मिनिटं झाली की कॅसेटची बाजू संपते आणि तान मध्येच तुटते. पुढच्या बाजूला आवाज येतो तोवर अण्णा तिसरीकडेच पोचलेले असतात. तरी मला तीच हवी. सुरुवातीला गळा तापतोय हे कळतं, तबलजीकडे वळून काही म्हटलेलं कळतं, एका जागेवर वडिलांच्याच तोंडून 'वा' गेलेली आहे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलुरकर म्युझिक हाउसनं मैफलींच्या कॅसेट काढल्या, लोकांनी त्या जपून ठेवल्या, ते उगीच नव्हे. स्टुडिओतलं गाणं बेतलेलं असतं. राग मैफलीत घडतो.

जवारी

@खासगी मैफल, वडिलांची 'वा' वाचून हात थांबला. त्या कॅसेट लवकर डिजिटल करून घ्या, फीत चिकटायला लागली की फार उशीर होतो.

पण बेतलेलं म्हणजे उणं कसं? किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या रेकॉर्डी घ्या. जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. त्यात झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' आहे. १९३७ साली खाँसाहेब गेले, आणि आजही मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. त्या तीन मिनिटांत काय कमी आहे ते दाखवा. मर्यादा माहीत असलेला मोठा गवई एक स्वरही वाया घालवत नाही.

शीळ

दोघांचंही वाचलं, पण मुळात 'अल्बम' हा आपला प्रकारच नव्हे, असं माझं म्हणणं आहे. मराठी भावगीत जन्मलं ते ७८च्या रेकॉर्डवर. एका बाजूला एक गाणं, उलटलं की दुसरं, संपलं. जी. एन. जोशींचं 'रानारानात गेली बाई शीळ' लोकांच्या ओठांवर गेलं ते कुठल्या अल्बमातून नाही. पुढे आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं. गजाननराव वाटव्यांनंतर आशाबाई, त्यानंतर बाबूजी (सुधीर फडके), असा श्रोत्यांच्या पत्रांनी लावलेला क्रम. माझ्या आईच्या पिढीचे कान त्यावर घडले आणि त्यांना कोणी कच्चे श्रोते म्हणणार नाही.

मी आज फोनवर स्वतःची यादी लावते तेव्हा तेच करते. मला धाग्याचा सूर लागला तो असा, की सलग ऐकणारा तो खरा रसिक आणि बाकीचे वरवरचे. ते मान्य नाही. ज्यांना दिवसातून मिळतो तो ठाणे ते दादरचा लोकलमधला वेळ, त्यांनी काय करायचं?

पहाडी

@शीळ, जी. एन. जोशींचं नाव तुम्ही काढलंत म्हणून लिहायलाच हवं. तेच जोशी पुढे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत अधिकारी झाले, आणि १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही एलपी निघाली ती त्यांच्याच देखरेखीखाली. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस: पहाटेच्या अहिर भैरवापासून नट भैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांचे प्रहर आपल्याकडे शेकडो वर्षं आहेत. एलपीच्या दोन बाजूंवर आख्खा दिवस मांडावा, हे एका मराठी भावगीत गायकाला मनापासून पटलं होतं. मग अल्बम आपला नाही कसा?

मी सध्या तीच ऐकतेय, पण सीडीवर. सीडीवर जागा उरली म्हणून पहाडीनंतर आणखी तुकडे जोडलेत. वाजवलेत सुरेखच. पण दिवस पहाडीशी मावळलेला असतो, मी आता पहाडी संपली की उठून बंद करते.

शीळ

हा दुवा माहीत असूनही मी कधी असा जोडून पाहिला नव्हता. एवढं मान्य, की ती एलपी तुकड्यांत ऐकण्यात अर्थ नाही. भावगीतांबद्दलचं मत मात्र कायम आहे.

आषाढ२०

मी इथे सगळ्यांत लहान असेन. 'गारवा' हा अल्बम ऐकतोय, माझ्या बहिणीच्या कॅसेटवरून. आधी फोनवरच ऐकलं होतं, उलटसुलट क्रमानं. कॅसेटवर कळलं की कवी सौमित्रची कविता आधी बोलली जाते आणि मग मिलिंद इंगळेंचं गाणं सुरू होतं. फोनवर ती कविता एकीकडे आणि गाणं भलतीकडे लागायचं, मला वाटायचं हे मध्येच कोण बोलतंय. शीळताई, लोकलमध्येही सलग ऐकता येतं, मी डोंबिवलीहून येतो. दोन फेऱ्यांत अल्बम पूर्ण होतो.

खासगी मैफल

@पहाडी, 'कॉल ऑफ द व्हॅली' मुळातच एक कथा म्हणून बांधली होती. तिथे क्रम हवाच. पण तो दाखला भूप-बागेश्रीला लागू होत नाही. तिथे दोन राग एकत्र आले कारण रेकॉर्डला बाजू दोन. जवारी, तुम्हाला जे दार उघडल्यासारखं वाटतं ते ताईंनी ठेवलेलं दार नाही, तुमच्या सवयीनं केलेलं आहे.

जवारी

असेल. ताईंनी तसं ठरवून केलं असा दावा मी करणार नाही. पण पंचवीस वर्षं हेच एकामागून एक ऐकल्यावर आता मैफलीत कोणी भूप संपवला, की माझे कान कोमल गंधाराची वाट बघतात. आणि ती सवय मोडावी असं मला वाटत नाही.

मन्सूरअण्णांची ती कॅसेट डिजिटल झाली की मला पाठवाल का? तान तुटते तिथे काही जोडू नका, आणि 'वा' तशीच राहू द्या.

खासगी मैफल

पाठवतो. दोन्ही बाजू सलग ऐका मात्र.