मदत हवी आहे: वाटाण्याच्या क्लोरोप्लास्टमध्ये प्रोटीन आत शिरत नाही

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी रुबिस्को या कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइमच्या छोट्या सबयुनिटचं (घटक-प्रोटीनचं) क्लोरोप्लास्टमधलं इम्पोर्ट, म्हणजे आत शिरणं, बघतेय. हे प्रोटीन केंद्रकातल्या जीनवरून सायटोप्लाझममध्ये बनतं, क्लोरोप्लास्टच्या बाहेरच्या आणि आतल्या आवरणांतल्या टॉक आणि टिक या प्रोटीन-संकुलांतून आत जातं, तिथे ट्रान्झिट पेप्टाइड (आत जायचा पत्ता सांगणारा टोकाचा तुकडा) कापलं जातं आणि आठ छोटी, आठ मोठी सबयुनिट जुळून एन्झाइम उभं राहतं. इतकी सुरेख यंत्रणा आहे की विषय सोडवत नाही.

अडचण अशी: जेलवर सुमारे 20 किलोडाल्टनचा प्रिकर्सर (अजून न कापलेलं प्रोटीन) ठळक दिसतो, 14 चा कापलेला बँड जवळपास नाहीच. थर्मोलायसिन (बाहेर राहिलेलं प्रोटीन पचवणारं एन्झाइम) घातलं की 20 चाही जातो, म्हणजे प्रोटीन बाहेरच्या आवरणालाच चिकटून राहतंय. नुसतं चिकटायला थोडं एटीपी पुरतं, आत ओढायला बरंच जास्त लागतं, म्हणून 3 मिलिमोलर मॅग्नेशियम-एटीपी घालतेय, 25 अंशांवर. परकोल ग्रेडियंटमधला (घनतेनुसार थर वेगळे करणाऱ्या द्रावणातला) खालचा, अखंड क्लोरोप्लास्टचा थरच घेते.

रोपं जून झाल्याने असं होतं का? की ट्रान्सलेशनच्या लायसेटमधलं (ज्यात हे प्रोटीन बनवलं त्या पेशी-अर्कातलं) काही आड येतंय? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा. आणि आत गेलेलं सबयुनिट खरंच रुबिस्कोत जुळलं का, हे तुम्ही नेटिव्ह जेलवर (प्रोटीन न उलगडता चालवलेल्या जेलवर) कसं तपासता?