कराटेतल्या ‘रेई’ला मराठीत काय म्हणावं?

मुलगी परळला कराटे शिकते. वर्ग सुरू होताना सगळ्यांत जुना विद्यार्थी ओरडतो, ‘सेन्सेई नि रेई!’ की सगळी पोरं सरांसमोर कमरेतून वाकतात. मग ‘ओतागाई नि रेई!’, की एकमेकांसमोर. सासऱ्यांना हे खटकलं. ‘देवापुढे, वडीलधाऱ्यांपुढे वाकावं. बरोबरीच्या पोरापुढे कशाला?’ मी म्हटलं, तो नमस्कार असतो. पण माझंच समाधान झालं नाही, कारण त्यात हात जोडत नाहीत. नेमका शब्द कोणता?

—

ताई, वाकण्याच्या क्रियेला जपानीत ओजिगी म्हणतात. रेई त्याहून मोठा शब्द आहे: आदर, रीतभात आणि तो दाखवणारं वाकणं, सगळं त्यात येतं. उभ्याने केली तर रित्सुरेई, वज्रासनासारखं बसून केली तर झारेई. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी, त्यांच्या 20 सूत्रांपैकी पहिलंच सांगतं की कराटे रेईने सुरू होतं आणि रेईनेच संपतं. दुसरं सूत्र, कराटेत पहिला वार नाही. मला ही दोन्ही एकत्रच वाचावीशी वाटतात. ज्याच्यावर आता मूठ उगारायची, त्याला आधी सांगायचं की तुला इजा करायला मी आलेलो नाही.

म्हणून ‘वाकणं’ नको. ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणणारी आपली भाषा, तिच्यात वाकण्याला हार चिकटलेली आहे. मुजराही नको, तो दरबारातला. ‘अभिवादन’ चालेल, पण फार कागदी वाटतं.

—

अभिवादन कागदी कसं? 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येऊन बघा. रात्रभर रांगेत उभी राहिलेली माणसं हाच शब्द बोलतात. आणि कराटे शिकतात त्या जागेला म्हणतात तो ‘दोजो’ हा शब्दही मुळात बौद्धांचा. संस्कृत ‘बोधिमंड’, म्हणजे बुद्धांना बोधी मिळाली ती जागा, याचं चिनी भाषांतर जपानीत ‘दोजो’ झालं. अशा जागेत पाऊल टाकताना माणूस नमतो, हे मला अगदी आपलं वाटतं.

—

ओतागाईपुरता माझा कौल ‘सलामी’ला. तालमीत पैलवान आधी लाल माती कपाळाला लावतो, मग समोरच्याशी सलामी होते. माती वेगळी, जोडीदार वेगळा, दोघांचा मान राखायचा. कराटेतही समोरची भिंत, सर आणि जोडीदार यांची रेई वेगवेगळी होते.

—

सलामी सुरेख आहे, पण ती सरांना कशी द्यायची? मी ‘नमन’ म्हणेन. ‘नम्’ धातूचा अर्थच वाकणे. नम्र, विनय नव्हे पण विनम्र, नमस्कार, सगळे त्याच घरातले. हात जोडणं नंतर चिकटलं.

सासऱ्यांची शंका मात्र खरी आहे. दंडवत, मुजरा, पाया पडणं, आपल्याकडे बहुतेक सगळं लहानाकडून मोठ्याकडे जातं. अपवाद वारीचा. तिथे वय, जात न बघता वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, आणि ज्याच्या पाया पडलात तोही तुमच्या पाया पडतो. ओतागाई नि रेई ती हीच.

—

वारीचं उदाहरण सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते दर आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात जातात. बराच वेळ गप्प होते. मग नातीला हाक मारून विचारलं, ‘समोरचा पोरगा पण नमतो ना गं?’

ती म्हणाली, ‘हो आबा, दोघं एकदमच.’