लॉला आकडेमोडीचा विषय घ्यावा का?

प्रश्न: चर्चगेटजवळच्या कॉलेजात लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषयांत संख्याशास्त्र, ताळेबंद, थोडं अर्थशास्त्र असा एक पेपर आहे. बारावी आर्ट्स, दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. डोंबिवलीहून जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्येच जातात. वकिलीत याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर १: नक्की घे. मी मोटार अपघाताचे दावे चालवतो. समज, ३२ वर्षांचा रिक्षावाला गेला, कमाई महिना २०,०००. घरी बायको, दोन मुलं. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी (२०१७) निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले २८,०००. त्याच कोर्टाच्या सरला वर्मा (२००९) निकालाप्रमाणे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा. वर्षाचे उरतात २,२४,०००. या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. या वयाला गुणक १६, म्हणजे ३५,८४,०००. इतर ठरावीक रकमा वेगळ्या. माझ्या पहिल्याच दाव्यात मी गुणक १५ धरला होता. सिनियरनी आदल्या रात्री पकडलं, नाहीतर त्या बाईंचे सव्वादोन लाख माझ्या हातून गेले असते. अजून अंगावर काटा येतो.

उत्तर २: ताळेबंद तर हवाच. पोटगीच्या केसमध्ये नवऱ्याचा नफा अगदीच कमी दिसत होता. पाहिलं तर मोठा घसारा, म्हणजे यंत्रं-गाड्या जुन्या झाल्या म्हणून हिशेबात धरलेली त्यांच्या किमतीतली घट, लावलेला. घसारा म्हणजे त्या वर्षी खिशातून गेलेला पैसा नव्हे, हे मला कोर्टात समजावून सांगता आलं.

प्रश्नकर्ती: दादा, तुमचं गणित परतीच्या गाडीत वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलं. बरोबर आलं! उद्या फॉर्म भरते. ताई, घसाऱ्यावर अजून लिहाल का?